नवे की जुने?

‘जुने ते सोने’ ही म्हण आणि ‘नवे ते हवे’ ही हौस, या दोहोंच्या कात्रीत आज गाणे ऐकण्याच्या साधनांची खरेदी सापडली आहे. आपल्या संगीत मंडळाने यंदा श्रवणासाठी संच घ्यायचे ठरविले. वर्गणी जमली दहा हजार रुपये. लगेच दोन तट पडले. एकाचे म्हणणे, नवा कोरा ब्लूटूथ स्पीकर घ्यावा. दुसऱ्याचे, जुन्या बाजारातून अ‍ॅम्प्लिफायर व दोन स्पीकर आणावेत. मी दुसऱ्या तटातला आहे. परंतु त्या तटाची सगळीच कारणे मला मान्य नाहीत.

चर्चेत एक वाक्य उच्चारले गेले : “कॉलेजच्या नावाने दुसऱ्याचे वापरलेले कशाला?” ज्याने शाळेची पुस्तके वरच्या वर्गातील मुलांकडून अर्ध्या किमतीत घेतली, त्याला या वाक्यातील काटा चटकन टोचतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्याकडे नवी वस्तू आली की शेजारीपाजारी पाहायला येतात. त्यामुळे नव्याची ओढ म्हणजे नुसती चैन, असे मी म्हणणार नाही. पण अर्ध्या किमतीच्या पुस्तकातले व्याकरण काही अर्धे नव्हते!

प्रश्न अब्रूचा नसून पैसा कशात गुंततो याचा आहे. स्पीकरचे मूळ तत्त्व आजही तेच आहे : चुंबकाच्या क्षेत्रातील तारेचे वेटोळे हलते आणि त्याला जोडलेला शंकू हवा हलवितो. चांगल्या संचाची किंमत वजनदार ट्रान्सफॉर्मर, मोठे चुंबक आणि भक्कम लाकडी पेटी यांत असते. स्वस्त नव्या डब्यात तेवढाच पैसा बॅटरी, दिवे आणि रेडिओ यांत वाटला जातो. वर खोक्यावर ‘पी.एम.पी.ओ.’चे हजारो वॉट छापलेले असतात. तो क्षणभराचा फुगवलेला आकडा. खरा विचारायचा तो ‘आर.एम.एस.’ शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तो अवघा ३ डेसिबलने. आकड्यांना भुलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता माझ्याच तटाला दोन शब्द. जुने सरसकट सोने नसते. शंकूभोवतीची फोमची कडा आपल्या दमट हवेत काही वर्षांत कुजते, कपॅसिटर सुकतात. हिऱ्याची सुईसुद्धा ५०० ते १,००० तासांत झिजते आणि मग रेकॉर्डच खराब करू लागते. जपानमधील संच १०० व्होल्टचा असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येत नाही. ज्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर विजेच्या आवर्तनांवर वेग धरते, तो अमेरिकेतील ६० आवर्तनांसाठी बनलेला असला, तर आपल्या ५० आवर्तनांवर तबकडी मिनिटाला ३३ ऐवजी सुमारे २८ फेरे घेते. गायकाची पट्टीच उतरते! शिवाय जुन्या बाजारात पावती नाही, गॅरंटी नाही. श्रीमंत शौकिनाचा सौदा फसला तर तो हसून सांगतो. आमची वर्गणी बुडाली तर पुन्हा जमणार नाही.

म्हणून माझे मत असे : झिजणारे ते नवे घ्यावे, टिकणारे ते जुने. सुई, पट्टा, बॅटरी, तारा नव्या. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वापरलेले. दहापैकी दोन हजार दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. विकत घेण्यापूर्वी ओळखीचे गाणे अर्धा तास लावावे, बटण फिरविताना खरखर होते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे पाहावे आणि जाणता रेडिओ मेकॅनिक बरोबर न्यावा. असा मेकॅनिक गावात नसेल, तर खुशाल नवे घ्यावे. त्यात जुन्याची बेइमानी नाही.

पैसे कमी पडल्यास एकच पण चांगला स्पीकर घ्यावा. स्टिरिओ एल.पी. बाजारात आल्या १९५८ साली. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका एकाच वाहिनीच्या आहेत. तिथे दुसरा स्पीकर काही अधिक सांगत नाही.

आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र गाणे वाजते आहे. एका खोलीत बसून वीसपंचवीस जणांनी एकच ख्याल ऐकावा, समेवर एकदम माना हलाव्यात, यासाठी हा संच हवा आहे. मंडळाला आणि प्राध्यापकांना एवढीच विनंती की, वस्तू पूर्वी कोणाची होती हे विचारण्याऐवजी ती पुढच्या तुकड्यांसाठी किती वर्षे गाईल, हे विचारून निर्णय घ्यावा.

— द्वितीय वर्ष, कला