'महास्फोट' या शब्दाविषयी

विज्ञानातील रूपकांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पाहायचेच नाही, असा अलिखित करार आपल्याकडे दिसतो. त्यामुळेच 'महास्फोट' हा शब्द पाठ्यपुस्तकांपासून कवितेपर्यंत निर्धास्त वावरतो.

मूळ इंग्रजी शब्द फ्रेड हॉयल यांचा. १९४९ साली बीबीसीवरील भाषणात, स्वतःला अमान्य असलेल्या कल्पनेसाठी त्यांनी तो वापरला. प्रतिपक्षाने दिलेले नाव रूढ व्हावे यात नवल नाही. चित्रकलेतील 'इम्प्रेशनिझम'चेही तसेच झाले. मराठीत आणताना मात्र आपण 'महा' जोडले आणि मूळ शब्दातला बोलीचा हलकेपणा गेला.

स्फोटाला जागा लागते, आणि बाहेर उभा साक्षीदारही. विश्वाच्या प्रसरणात दोन्ही नाहीत. दीर्घिका अवकाशातून पळत नाहीत. त्यांच्यामधील अवकाशच ताणले जाते. हे प्रसरण उलट मोजत सुमारे १३.८ अब्ज वर्षे मागे गेले, की आइन्स्टाइनच्या समीकरणांत घनता अनंत होते. 'अनंत' म्हटले की आपण हळवे होतो. भौतिकीत ते सिद्धांत निकामी झाल्याचे लक्षण असते. 'महास्फोट' हा शब्द नेमके हे अज्ञान झाकतो, म्हणून माझा त्यावर आक्षेप आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये सापेक्षतेची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्यांतून पुढे 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' उभी राहिली. तिच्या मते अवकाश अखंड नाही, कणीदार आहे. २००६ मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी विश्वाच्या एका सोप्या प्रतिमानावर दाखवले, की घनता एका मर्यादेला पोचताच गुरुत्वाकर्षण जणू अपकर्षण होते आणि आकुंचन पावणारे आधीचे विश्व उसळी घेते. निरीक्षणाचा पुरावा अजून नाही. पण हे खरे ठरल्यास आरंभी स्फोटही नाही आणि आरंभही नाही.

येथे कोणी लगेच कल्प-प्रलयाचे श्लोक काढील. तो मोह आवरावा. पुराणांतील कल्पांना त्यांचा धर्मार्थ आहे, या गणिताला तो नाही.

त्यापेक्षा आपल्याच शब्दांकडे पाहावे. 'गाडी यायला अवकाश आहे' असे आपण सहज म्हणतो. जागा आणि काळ या एकाच शब्दात आधीपासून नांदत आहेत. उलट 'क्वांटम'साठी योजलेला 'पुंज' ढीग सुचवतो, जेथे लहानात लहान अंश अभिप्रेत आहे. रूपकाच्या तासाला 'मुखचंद्र' झाल्यावर दहा मिनिटे उरत असतील, तर या शब्दांना द्यावीत.