‘डॉ.’ लागो वा न लागो, आधी अभ्यासक्रम तर वाचा

2025 च्या सप्टेंबर महिन्यात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढले. भौतिकोपचारतज्ज्ञांनी, म्हणजे फिजिओथेरपिस्टांनी, नावाआधी ‘डॉ.’ ही उपाधी लावू नये, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेण्यात आले. वाद मात्र शमला नाही. तो न्यायालयापर्यंत गेला आणि जाता जाता त्याने व्यवसायोपचारालाही, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीलाही, आपल्यात ओढून घेतले. विज्ञानाच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्या मंडळींनी या वादात हिरिरीने भाग घेतला. मी त्यांतले पुष्कळ प्रतिसाद वाचले. त्यांत उपाधीचा इतिहास होता, व्यवसायाभिमान होता, भरपूर उपहास होता. एका प्रश्नाचा तेवढा कोठे मागमूस नव्हता : ही मुले साडेचार वर्षे नेमके शिकतात तरी काय?

ज्याविषयी आपण काहीच वाचलेले नाही, त्याचा दर्जा ठरवण्याची ही घाई विज्ञानप्रेमी म्हणवणाऱ्या वाचकांना शोभत नाही. म्हणून हे लिहिणे.

पहिली अडचण नावाची आहे. ‘व्यवसाय’ म्हटले की मराठी कानाला धंदा ऐकू येतो, आणि ‘ओटी’ म्हटले की रुग्णालयातल्या शिपायापासून नातेवाइकांपर्यंत सर्वांना शस्त्रक्रियागृह आठवते. मूळ इंग्रजी शब्दाचा रोख मात्र माणसाचा वेळ आणि मन ज्या ज्या कृतींनी व्यापलेले असते त्या सर्वांकडे आहे : अंघोळ, स्वयंपाक, शाळेतले लिहिणे, कारखान्यातली पाळी, संध्याकाळचा पत्त्यांचा डाव. आजाराने वा अपघाताने यांतले जे हिरावले गेले, ते परत मिळवून देण्याचे, आणि परत मिळणे शक्यच नसेल तर दुसरी वाट काढून देण्याचे हे शास्त्र आहे. ‘फिजिओथेरपीची धाकटी बहीण’ किंवा ‘टोपल्या विणायला लावणारे लोक’ ही दोन्ही वर्णने अज्ञानातून येतात. टोपल्या विणून घेतल्या जात, हे खरे; शंभर वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांकडून. शस्त्रक्रियेचे तेव्हाचे रूप कसे होते, तेही एकदा पाहावे आणि मग हसावे.

आता अभ्यासक्रम. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. चार वर्षे अध्ययन आणि सहा महिने आंतरवासिता. प्रवेश ‘नीट’मधून. आरंभी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन; पुढे विकृतिशास्त्र, मानसशास्त्र, हालचालींचे यांत्रिकी शास्त्र, अस्थिरोग, मज्जारोग, बालरोग, मनोविकार. इथपर्यंतची यादी इतर आरोग्यशाखांच्या यादीशी मिळतीजुळती आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. या शाखेचे वेगळेपण कृतिविश्लेषणात आहे आणि त्याबद्दल बाहेर कोणी बोलत नाही.

भाकरी थापण्याचे उदाहरण घ्या. आपल्या लेखी ते एक काम. या विद्यार्थ्याला त्याचे तुकडे करावे लागतात. पीठ मळताना मनगट किती अंशांत मागे वळते, खांद्याचे वजन तळहातापर्यंत कसे पोहोचते. थापताना एक हात दाब देतो आणि त्याच वेळी बोटांची टोके भाकरी फिरवतात, म्हणजे एकाच हाताला दोन वेगळ्या आज्ञा. तव्याच्या आचेची जाणीव त्वचेला आहे का. उलटण्याची वेळ लक्षात राहते का. मधेच कोणी हाक मारली तर क्रम मोडतो का. उभे राहून थापता येत नसेल तर बसून येईल का, आणि बसल्यावर चूल किती उंचीवर हवी. मेंदूतल्या रक्तस्रावाने उजवी बाजू लुळी पडलेल्या बाईला यांतली नेमकी कोणती पायरी अडते, हे शोधून काढल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही. ‘हाताचा व्यायाम करा’ हा सल्ला शेजारीपाजारीही देतात.

मी हे भिलाईतून लिहितो आहे आणि इथे हा विषय पुस्तकी राहत नाही. 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून या शहराचे अन्न लोखंडावर शिजते. विदर्भातून आलेली कित्येक मराठी कुटुंबे सेक्टरांच्या क्वार्टर्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिली. देशाच्या रेल्वेचे रूळ इथे ओतले आणि लाटले जातात. लोखंडाच्या कामात हात सापडतात, अंग भाजते. हे जगातल्या प्रत्येक पोलादनगरीचे वास्तव आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये कोक भट्टीच्या भागातील वायुवाहिनीच्या स्फोटात डझनभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा देशभर बातमी झाली. अशा बातमीत मृतांचा आकडा असतो. भाजून वाचलेल्यांचे पुढे काय होते, हे वाचकाला कळत नाही.

पुढे होते ते असे. भाजलेला माणूस वेदना कमी व्हावी म्हणून हातपाय जवळ घेतो, मान वाकवतो, बोटे मिटतो. भरून येणारी त्वचा आकसते आणि त्याच स्थितीत अवयव जखडून टाकते. म्हणून पहिल्या दिवसांतच हाताला विशिष्ट ठेवणीची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बांधावी लागते : मनगट किंचित मागे, बोटांची मुळाकडची पेरे काटकोनाच्या जवळपास वाकलेली, पुढची पेरे सरळ. गरम पाण्यात मऊ होणारा प्लास्टिकचा पत्रा कापून, रोग्याच्या हातावर क्षणभरात आकार देऊन हे साधायचे असते. हात सुजलेला, रोगी कण्हतो आहे आणि पत्रा थंड होतो आहे. व्रण फुगू नयेत म्हणून पुढे अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, दिवसातले जवळजवळ सर्व तास दाब देणारे कपडे घालावे लागतात. ते मापून, शिवून घेणे आणि रोग्याने ते भिलाईच्या मे महिन्यात अंगावर ठेवावेत यासाठी त्याचे मन वळवणे, हेही याच पदवीत येते. ठेवण चुकली तर पुढे मूठ मिटत नाही. ही कारागिरी ‘सॉफ्ट स्किल’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी एकदा तो पत्रा हातात धरून पाहावा.

कायदा हाताकडे कसा पाहतो, तेही बघा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास उत्पन्नक्षमतेची हानी 30 टक्के धरली आहे, तर्जनी पूर्ण गेल्यास 14, करंगळी किंवा अनामिका गेल्यास 7. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही टक्केवारीची रीत चालू ठेवली. आता हातोडा किंवा मोठा पाना घट्ट धरून पाहा. जोराची पकड हाताच्या करंगळीकडच्या बाजूवर फार अवलंबून असते. फिटरची करंगळी आणि कारकुनाची करंगळी यांची किंमत परिशिष्टात एकच आहे. कामाच्या जागी ती एक नाही. हा फरक मोजणे, पकडीचा जोर यंत्रावर किलोग्रॅममध्ये नोंदवणे, त्या माणसाच्या कामाचे विश्लेषण करून तो कोणत्या कामावर परतू शकेल हे लेखी सांगणे, हे व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. ते करून घेणारे फारसे कोणी नाही, हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

आणि कारखान्यापलीकडचे छत्तीसगड? सिकलसेल हा विदर्भ आणि छत्तीसगड यांना जोडणारा एक दुःखद धागा आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासण्या, कार्डे, समुपदेशन यांवर तिचा भर. पण ज्या मुलाच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आहे, किंवा ज्याला शाळकरी वयात पक्षाघात झाला आहे, त्याने वर्गात कसे बसावे, दप्तर कसे न्यावे, थकवा येण्याआधी दिवसाची आखणी कशी करावी, हे त्याला कोण सांगणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. कायद्याच्या पुस्तकात तो आला. उपचारांच्या खोलीत यायचा आहे.

‘पण यात विज्ञान कोठे आहे? माणसाला कामात गुंतवून ठेवले की बरे वाटते, एवढेच ना?’ हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर आहे. 1997 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या 361 वृद्धांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकावे तसे तीन गट केले : एकाला नऊ महिने व्यवसायोपचार, दुसऱ्याला तेवढाच काळ नुसते सामाजिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. व्यवसायोपचाराच्या गटाची प्रकृती आणि कार्यक्षमता उजवी ठरली. नुसते गुंतवून ठेवलेला गट आणि काहीच न मिळालेला गट यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आक्षेपकाने केलेला दावाच तिथे तपासला गेला होता. दुसरा दाखला 2006 चा. पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या 222 रुग्णांचा धडधाकट हात जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोज्यात अडकवून ठेवला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास कामे करून घेतली. नेहमीची काळजी मिळालेल्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला आणि ती सुधारणा वर्षानंतरही टिकली. दुबळा हात न वापरण्याची मेंदूला सवय लागते, ही माकडांवरच्या प्रयोगांतून आलेली कल्पना अशी माणसाच्या उपयोगी पडली.

मात्र वकिली करताना आपल्या घरातला कचरा झाकणे हा अप्रामाणिकपणा होईल. ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ या नावाखाली आज शहरोशहरी झोपाळे, रंगीत दिवे, वजनदार जाकिटे विकली जात आहेत आणि स्वमग्न मुलांचे आईबाप त्यासाठी कर्ज काढत आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्येच या उपचारांचा पुरावा अपुरा असल्याचे पालकांना सांगावे, असे बजावले होते. सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा जो मोठा आढावा 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातून आला, त्याने हीच पद्धत आणि तिच्याइतकीच लोकप्रिय असलेली न्यूरोडेव्हलपमेंटल थेरपी या दोन्हींना निष्प्रभ उपचारांच्या रांगेत बसवले. उलट ठरावीक ध्येय समोर ठेवून केलेला सराव, दोन्ही हातांचे प्रशिक्षण, घरी करायचे कार्यक्रम यांना हिरवा कंदील दाखवला. मग आपल्या वर्गांत कोणत्या गोष्टीवर किती तास खर्च होतात? पुरावा तपासण्याचे शिक्षण शेवटच्या वर्षाच्या एका प्रकल्पापुरते असेल, तर विद्यार्थी पाठांतर करून बाहेर पडतो आणि पहिल्याच नोकरीत झोपाळा हलवू लागतो.

दुसरा दोष उसनवारीचा. रोग्याचे स्वावलंबन मोजण्यासाठी 1965 ची बार्थेल मोजपट्टी सर्रास वापरतात : दहा बाबी, शंभर गुण. उकिडवे बसणे तिला ठाऊक नाही. मांडी घालून जेवणे, विहिरीवरून वा नळावरून बादली उचलणे, नऊवारी सोडाच पण पाचवारी नेसणे, यांतले काहीही ती विचारत नाही. शंभरपैकी नव्वद गुण मिळवलेला माणूस घरी जाऊन शौचाला बसू शकत नाही, हे आपल्याकडे घडते. परदेशी मोजपट्टी वापरावी, पण तिच्या कडेला आपल्या घराची रेघ आखायला विद्यार्थ्यांना शिकवायला नको का?

हे अपयश अधिक बोचते, कारण आरंभ आपल्याच भूमीवर झाला. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन तरुणी विष्णु निंबकरांशी विवाह करून कमला निंबकर झाली. तिने पुढे अमेरिकेत जाऊन या शास्त्राचे शिक्षण घेतले आणि 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आशियातला पहिला व्यवसायोपचार अभ्यासक्रम उभा केला. फलटणच्या कमला निंबकर बालभवनमुळे तिचे नाव शिक्षणप्रेमींना माहीत आहे. या कामामुळे फारसे कोणाला नाही. 1952 मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा भारत संस्थापक सदस्यांत होता.

आता सत्तर वर्षांनंतर 2021 चा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आला. पदवीधर आरोग्यव्यावसायिकासाठी त्याने किमान 3,600 तासांचे शिक्षण ठरवले. उत्तम. पण याच कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या गटात नृत्य-चित्र उपचारक आणि पायांच्या विकारांचे उपचारक एकत्र कोंबलेले आहेत. हा गट कोणत्या शास्त्रीय तत्त्वावर बांधला, हे विचारण्याऐवजी आपण दोन अक्षरांच्या उपाधीवर भांडत बसलो.

जागतिक संघटना प्रत्येक विद्यार्थ्याकडून किमान एक हजार तासांचे क्षेत्रकार्य मागते. ते तास कोठे भरले जातात, यावर सगळे अवलंबून आहे. रुग्णालयाच्या एकाच तळमजल्यावर भरलेले हजार तास आणि कारखान्याचा दरवाजा, सेक्टरातले दोन खोल्यांचे घर, राजनांदगावकडच्या खेड्यातली शाळा यांत विभागलेले हजार तास यांतून वेगवेगळे पदवीधर निघतात. आमच्या इथून नागपूर रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम जुना आहे. तिथल्या विद्यार्थ्याला एका सत्रासाठी पोलादनगरीत पाठवायला कोणता नियम आड येतो?

आणि यंदा ‘नीट’च्या गुणपत्रिकेकडे पाहून ‘एमबीबीएस नाही तर निदान हे तरी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनो, महाविद्यालयात गेल्यावर उपाधीची चौकशी नंतर करा. आधी विचारा की स्प्लिंटचा पत्रा प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती येतो की शिक्षक दुरून दाखवतात. रोग्याच्या घरी जाणे वेळापत्रकात आहे का, की फक्त माहितीपत्रकात? मनोविकार विभागात किती आठवडे? मागच्या तुकडीतल्या कोणाला भेटता येईल? उत्तरे देताना समोरचा माणूस घड्याळाकडे पाहू लागला, तर पुढचे महाविद्यालय गाठा.