चुंबक मोडल्याने काय सिद्ध होते?

पट्टीचुंबकाचे मधोमध दोन तुकडे केले तर काय होईल? हा प्रश्न वर्गात आणि प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे विचारला जातो. उत्तरही ठरलेले: प्रत्येक तुकड्याला उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही ध्रुव असतात. इथवर सारे ठीक आहे. पण पुढच्याच ओळीत मुले लिहितात, ‘यावरून एकटा चुंबकीय ध्रुव अस्तित्वात नसतो हे सिद्ध होते’, आणि तपासणारा त्यालाही गुण देऊन मोकळा होतो. मोडलेल्या चुंबकाने एवढे मोठे विधान मुळीच सिद्ध होत नाही.

हा प्रयोग फार जुना आहे. पेत्रुस पेरेग्रिनुसने १२६९ साली इटलीतल्या लुचेरा शहराला वेढा पडलेला असताना छावणीतून एका मित्राला पत्र लिहिले. चुंबकदगड तोडून, त्याचे तुकडे पाण्यावर तरंगत ठेवून त्यांचे ध्रुव कसे तपासायचे, हे त्यात नोंदवलेले आहे. असे का होते, याचे उत्तर मात्र १८२० च्या दशकात अँपिअरने सुचवले. चुंबकत्व टोकांशी साठलेले नसते. ते पदार्थभर पसरलेल्या सूक्ष्म प्रवाहांमुळे असते. आज त्या प्रवाहांच्या जोडीला इलेक्ट्रॉनचे स्पिन येते, आणि लोखंडात तर मुख्य वाटा त्याचाच. एकटा इलेक्ट्रॉनसुद्धा द्विध्रुवच आहे. तेव्हा तुकडे कितीही बारीक केले, तरी जे आत नव्हतेच ते बाहेर कसे पडणार? पण हे झाले नेहमीच्या चुंबकाबद्दल. चुंबकीय प्रभार असलेला एखादा स्वतंत्र कण विश्वात आहे की नाही, याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.

चुंबकत्वासाठीच्या गाऊसच्या नियमाचेही तेच. बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण चुंबकीय फ्लक्स शून्य असतो, कारण आजवरच्या प्रत्येक मोजमापात तो शून्यच आला आहे. उद्या एकध्रुव सापडला तर मॅक्सवेलची समीकरणे कोसळणार नाहीत. गाऊसच्या नियमात उजवीकडे चुंबकीय प्रभार येईल आणि फॅरडेच्या नियमात चुंबकीय प्रवाहाचे एक पद वाढेल. ऑलिव्हर हेविसाइडने एकोणिसाव्या शतकातच असे पद घालून समीकरणे लिहिली होती, आणि १८९४ मध्ये पिएर क्यूरीने मुक्त चुंबकीय ध्रुवांची शक्यता मांडली होती.

खरी कलाटणी दिली ती पॉल डिरॅकने, १९३१ साली. पुंजयांत्रिकीत एकध्रुवाला जागा द्यायची तर एक अट पाळावी लागते, असे त्याने दाखवले. एस. आय. पद्धतीत, चुंबकीय प्रभार वेबरमध्ये मोजला, तर विद्युतप्रभार आणि चुंबकीय प्रभार यांचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाच्या पूर्ण पटीतच असला पाहिजे. विश्वात कुठेही एक जरी एकध्रुव असेल, तरी सर्व विद्युतप्रभार ठरावीक एककाच्या पटीतच येणार! प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे प्रभार आकाराने इतके तंतोतंत सारखे का, याचे कारण मॅक्सवेलच्या समीकरणांत सापडत नाही. डिरॅकच्या अटीत त्याची एक वाट दिसते.

ही अट वर्गात एका तासात पटवून देता येते, आणि त्यासाठी मेघनाद साहांचा आधार आहे. अलाहाबादेत असताना १९३६ साली त्यांनी मांडलेला युक्तिवाद साधा आहे. एक विद्युतप्रभार आणि एक चुंबकीय ध्रुव शेजारी स्थिर ठेवा. दोघेही हलत नाहीत, तरी त्यांच्या एकत्रित क्षेत्रात कोनीय संवेग असतो, आणि तो त्यांच्यातल्या अंतरावर अवलंबून नसतो. पुंजयांत्रिकीत कोनीय संवेग ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो. हे दोन निष्कर्ष जोडले की डिरॅकची अट हाती येते.

शोधाची बाजूही तितकीच रंगतदार आहे. स्टॅनफर्डमध्ये ब्लास काब्रेराने अतिवाहक नायोबियमच्या तारेचे चार वेढे घालून पाच सेंटिमीटर व्यासाचे कडे केले. त्यातून साधा चुंबक पार झाला तर फ्लक्स बदलतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. एकध्रुव गेला तर मात्र कड्यात कायमचा प्रवाह उरला पाहिजे. १४ फेब्रुवारी १९८२ रोजी प्रयोगशाळेत कोणी नसताना नोंदीच्या रेघेने उडी घेतली आणि ती नव्या पातळीवर टिकून राहिली. उडी नेमकी आठ फ्लक्स-क्वांटांची होती: दर वेढ्याला दोन, म्हणजे डिरॅकच्या हिशेबाप्रमाणेच. त्यानंतर कितीतरी मोठी कडी लावून पाहिली गेली, पण तशी नोंद पुन्हा झाली नाही. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकाऱ्यांसोबत प्रोटॉनच्या ऱ्हासासाठी शोधयंत्र उभारले होते. त्याच्या नोंदींमध्येही एकध्रुव धुंडाळले गेले. इटलीतला मॅक्रो आणि सर्नमधला मोएडाल हे प्रयोगही रिकाम्या हातांनीच परतले. याचे एक कारण वस्तुमानात असू शकते. ट हूफ्ट आणि पोल्याकोव्ह यांच्या १९७४ च्या कामावरून महाएकीकरण सिद्धांतांत निघणारा एकध्रुव प्रोटॉनच्या सुमारे एक कोटी अब्ज पट जड ठरतो. तो घडवणे कोणत्याही त्वरकाच्या आवाक्यात नाही.

एक सावधगिरीही हवी. २००९ मध्ये ‘एकध्रुव सापडला’ अशा बातम्या झळकल्या, त्या डिस्प्रोशियम टायटेनेटसारख्या स्पिन-आइस स्फटिकांतल्या प्रयोगांबद्दल होत्या. तिथे स्पिनांच्या रचनेतले दोष एकट्या ध्रुवांसारखे वागतात आणि फिरतात. पण ती पदार्थातली सामूहिक घडामोड आहे; गाऊसचा नियम तिथेही अबाधित राहतो. डिरॅकचा कण तो नव्हे.

पाठ्यक्रम बदलण्याची वाट पाहायचे काही कारण नाही. फळ्यावर ‘एकध्रुव नसतो’ याऐवजी ‘एकध्रुव आजवर सापडलेला नाही’ असे लिहावे आणि चुंबक मोडण्याच्या प्रयोगाचे कारण प्रवाह आणि स्पिन यांतून सांगावे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती एवढीच, की त्या नेहमीच्या प्रश्नाला यंदा एक उपप्रश्न जोडावा: ‘एकध्रुव सापडल्यास मॅक्सवेलच्या कोणत्या दोन समीकरणांत बदल करावा लागेल?’