छतावरचा पियानो आणि आमचा दादा

तर झालं असं. २०२४ च्या मे महिन्यात आमचा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, वहिनी आणि नऊ वर्षांच्या पुतणीला घेऊन पंधरा दिवस आमच्याकडे डर्बीला आला होता. ते आले त्या आठवड्यात, १० मेच्या रात्री, इंग्लंडभर आकाशात गुलाबी-हिरवा अरोरा दिसला. शेजारपाजारचे लोक बागेत खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही मात्र पोटभर पुरणपोळी खाऊन गाढ झोपलो होतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, यजमान या नात्याने काहीतरी भरपाई करणं भाग होतं. मी म्हटलं, चला, आज सगळे मिळून 'डॉक्टर हू' बघू. इथल्या घरांत शनिवार संध्याकाळची ही जुनी रीत आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची १९६३ पासूनची मालिका. १९८९ ला बंद पडली, २००५ ला पुन्हा सुरू झाली. डॉक्टर हा परग्रहावरचा प्राणी. दिसायला माणसासारखा. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-खोक्यातून काळाच्या मागेपुढे फिरतो. मरायची वेळ आली की शरीर बदलतो, त्यामुळे नट बदलला तरी मालिका चालूच राहते. (आपल्याकडच्या मालिकांत प्लास्टिक सर्जरी करून नटी बदलतात, त्यापेक्षा हे बरं!) तेव्हाचा डॉक्टर होता शूटी गटवा. जन्म रवांडाचा, वाढला स्कॉटलंडात, आणि स्वतः क्वीअर असल्याचं त्याने जाहीर सांगितलेलं.

त्या दिवशीच्या भागाचं नाव होतं 'द डेव्हिल्स कॉर्ड'. डॉक्टर आणि त्याची मैत्रीण रूबी १९६३ च्या लंडनमध्ये जातात, अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत बीटल्सचं पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग बघायला. बघतात तर बीटल्स कुत्र्यावरचं एक महारटाळ गाणं म्हणताहेत. कारण माएस्ट्रो नावाच्या राक्षसी शक्तीने जगातलं संगीत गिळून टाकलंय. (बीटल्सची खरी गाणी वापरायला किती पैसे मोजावे लागले असते याचा विचार केला की कथानक फारच सोयीचं वाटतं. असो.) माएस्ट्रोचं काम केलंय जिंक्स मॉन्सून या गाजलेल्या ड्रॅग कलाकाराने. ड्रॅग म्हणजे भडक बायकी वेश, गाणं, नाच आणि तिखट विनोद यांचा खेळ. शेवटी लेनन आणि मॅकार्टनी हरवलेला स्वरमेळ शोधतात, माएस्ट्रो गायब होतो, आणि मग काहीही कारण नसताना सगळे जण गाऊ-नाचू लागतात. अ‍ॅबी रोडचं ते प्रसिद्ध झेब्रा क्रॉसिंग पियानोच्या पट्ट्यांसारखं वाजतं. निव्वळ धमाल!

आता, या धमालीच्या बरंच आधी एक छोटा प्रसंग आहे. रूबी एका इमारतीच्या छतावर पियानो वाजवते. ती धून तिने आपल्या एका मैत्रिणीसाठी केलेली असते. त्या मैत्रिणीचं एका मुलीवर प्रेम होतं आणि ते मोडलं, म्हणून. झालं. एवढंच. दोन वाक्यं. कुणी भुवई उंचावत नाही, कुणी भाषण देत नाही. रूबी वाजवायला लागते.

दादाने मात्र रिमोट उचलला. बंद केला नाही, नुसता हातात धरून ठेवला. वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. पुतणी म्हणाली, "काका, एवढा मोठा पियानो जिन्यावरून वर कसा नेला असेल रे?"

शेवटच्या गाण्याला दादाचा पाय ताल धरत होता, हे मी स्वतः पाहिलंय. पण जेवताना तो म्हणालाच, "अरे, तुमचं तुम्ही काय ते करा. माझा विरोध नाही. पण मुलांच्या मालिकेत हे मुद्दाम घुसडायचं कशाला?" आणि पुण्याला परत गेल्यापासून गेली काही वर्षं तो मला याच विषयावरचे फॉरवर्ड पाठवतोय. तेव्हा दादा, एकदाच सविस्तर उत्तर देतो. मंडळी, तुम्हीही ऐका, कारण दादाचं म्हणणं तुमच्यातल्या अनेकांचं असणार.

पहिला मुद्दा, 'घुसडलं'. घुसडायला ते आधी बाहेर असावं लागतं. १९६३ च्या नोव्हेंबरात या मालिकेची पहिलीवहिली कथा दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलाने. जन्म लखनौचा. आई अतिया हुसेन, इंग्रजीत लिहिणारी नामवंत लेखिका. आणि वारिस हुसेन समलिंगी आहेत, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. त्याच १९६३ साली बीटल्सना जगापुढे आणणारा त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन, तोही समलिंगी. त्या वेळच्या इंग्लंडात पुरुषांमधलं हे नातं गुन्हा होतं, तुरुंगात जायची सोय होती. इंग्लंड-वेल्समध्ये कायदा बदलला २७ जुलै १९६७ ला, तोही अर्धामुर्धा, एकवीस वर्षांवरच्यांपुरता आणि चार भिंतींच्या आड. बरोबर एका महिन्याने, २७ ऑगस्टला, एपस्टाइन वारला. बत्तिसाव्या वर्षी.

म्हणजे बघ दादा, ज्या १९६३ सालात तो भाग घडतो, त्या सालातल्या दोन सर्वांत लाडक्या ब्रिटिश गोष्टींच्या मागे असे दोन पुरुष उभे होते, ज्यांना पडद्यावर स्वतःबद्दल एक वाक्य बोलायची मुभा नव्हती. साठ वर्षांनी त्याच मालिकेत, त्याच सालात बसून एक मुलगी सहज दोन वाक्यं बोलते. याला घुसडणं म्हणत नाहीत. थकबाकीचा पहिला हप्ता म्हण फार तर.

आणि हा कायदा गोऱ्यांनी स्वतःपुरता ठेवला नव्हता. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घालून आपल्या गळ्यात तो बांधला. त्यांनी आपला १९६७ ला सैल केला. आपल्याला २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. आज 'हे पाश्चात्त्य फॅड आहे' म्हणून जे आपण झिडकारतो, त्यातलं पाश्चात्त्य होतं ते हे कलम.

दुसरा मुद्दा, 'मुलांवर परिणाम'. हा प्रयोग इथे करून झालाय. १९८८ साली थॅचरबाईंच्या सरकारने कलम २८ आणलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही. स्कॉटलंडात ते २००० पर्यंत होतं, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पर्यंत. या काळात शाळेतले शिक्षक तोंड उघडायला घाबरायचे. वर्गात एखाद्या पोराला बाकीचे छळताहेत हे दिसलं तरी काय बोलावं कळेना. त्या कायद्याने समलिंगी मुलं कमी झाली नाहीत. ती फक्त एकटी पडली. माझ्या ऑफिसातला एक सहकारी त्याच काळात शाळेत होता. तो म्हणतो, "आमच्याबद्दल फक्त दोन जागी ऐकू यायचं. एड्सच्या बातमीत आणि मैदानावरच्या शिव्यांत."

मी इंग्लंडची आरती ओवाळतोय असं समजू नका. २०२३ मध्ये याच मालिकेच्या एका खास भागात एक ट्रान्स मुलगी दाखवली तर बीबीसीकडे १४४ तक्रारी आल्या. भाग पाहणारे होते पन्नास लाखांहून जास्त, पण वर्तमानपत्रांत गाजले ते १४४! तसे कुरकुरणारे इथेही गल्लोगल्ली आहेत. गंमत म्हणजे हेच लोक दर नाताळात नातवंडांना घेऊन पँटोमाइमला जातात. तिथे एक बाप्या लुगड्या... सॉरी, झग्यात, गालाला रंग फासून 'डेम' होतो आणि आचरट विनोद करतो. पिढ्यान् पिढ्या चाललंय. मुलांवर परिणाम होईल असं तिथे कुणाला वाटत नाही.

इथे मी दादाच्या तिसऱ्या आणि सर्वांत लाडक्या मुद्द्यावर येतो. "आपल्याकडे बालगंधर्व होते. आपण कधी नावं ठेवली? आपली संस्कृती मुळातच उदार."

दादा, नाटकात माणसं मध्येच गायला लागली तर आपल्याला नवल वाटत नाही हे खरं. १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हापासून आपल्या हाडीमाशी ते भिनलंय. बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू बघून घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या, हेही खरं. पण त्यात उदारपणा कुठे आला? तिथे पुरुष इतका सुंदर बाई झाला की पुरुषाबद्दल वेगळा विचार करायची गरजच उरली नाही. आणि दुसऱ्या टोकाला गणपत पाटील. तमाशापटांतला नाच्या. कमरेवर हात, लचकत बोलणं, आणि थेटरात शिट्ट्या. खऱ्या आयुष्यात बायकामुलांचा संसारी माणूस, तरी पडद्याबाहेरच्या टवाळीतून सुटला नाही. २०१० च्या 'नटरंग'मध्ये आपण हेच बघून डोळे पुसले आणि बाहेर पडताना पुन्हा तेच विनोद केले.

एकाची पूजा, एकाची टिंगल. इंग्रजांची डेम, आपला नाच्या. साडी नेसलेला पुरुष दोन्ही समाजांना चालतो, रंगमंचावर असेपर्यंत. साडी उतरवून, शर्ट-पँट घालून, शेजारच्या ब्लॉकमध्ये मित्राबरोबर राहायला आला की मग सोसायटीची मीटिंग भरते.

आता मी हे इतकं तावातावाने का लिहितोय, तेही सांगून टाकतो.

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर आमच्या विंगमध्ये एक मुलगा होता. बोलताना हातवारे करायचा. आशाबाईंची गाणी अशी म्हणायचा की अभ्यास सोडून ऐकत बसावं. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव पडलं, 'गणपत पाटील'. गॅदरिंगला त्याला साडी नेसवून नाचवलं. एका रात्री कुणीतरी त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि सकाळपर्यंत ठेवली. मी कडी घातली नव्हती. पण मी समोरच्याच खोलीत होतो, आणि मी ती काढलीही नाही.

२०१९ मध्ये वीसेक वर्षांनी त्याचा फोन आला. बंगळुरूला असतो, जोडीदाराबरोबर. मी चाचरत माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, तुम्ही हसायचात त्याचं एवढं नाही. तुमच्या आधी मीच हसायला लागायचो. म्हणजे तुमचं लवकर आटपायचं."

तेव्हापासून मला एकच कसोटी पटते. विनोदात, नाचगाण्यात, धमालीत तो माणूस आहे का, आणि असला तर त्याला स्वतःचा बचाव म्हणून हसावं लागतंय का?

गंभीर कलाकृती आपल्याकडे आहेत. तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणलं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' २००६ ची. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालं. अभिमान वाटतो. पण दुःख बघून हळहळायला फारसं काही लागत नाही. तिकीट काढायचं, हळहळायचं, घरी यायचं. शनिवारच्या संध्याकाळी मुलंबाळं मांडीवर घेऊन बघायच्या खुळचट गाण्यात त्याला जागा द्यायची, ती मात्र जड जाते. कारण तिथे तो पाहुणा नसतो, घरचा असतो.

या कसोटीवर 'डॉक्टर हू'सुद्धा नापास होतं कधी कधी. त्या भागात सर्वांत भडक, सर्वांत लक्षात राहणारं क्वीअर पात्र कोण, तर खलनायक! लेखक रसेल डेव्हिस काही वेळा कथेऐवजी प्रवचन लिहितात, हेही मान्य. त्यानंतर महिन्याभरातच डॉक्टर आणि रोग नावाच्या एका पुरुषाचं चुंबन दाखवलं आणि त्याच भागात बिचाऱ्या रोगला दुसऱ्या मितीत पाठवून दिलं. अमेरिकेच्या 'बफी'मध्ये तर २००१ च्या संगीत भागात टारा प्रेयसीसाठी गाते आणि काही महिन्यांत गोळी लागून मरते. प्रेम करा, पण किंमत मोजा. म्हणून मला माएस्ट्रोपेक्षा ती छतावरची धून मोठी वाटते. तिथे कुणाला मारलं नाही, कुणाला थोर केलं नाही.

दादाचा शेवटचा फॉरवर्ड होता की असल्या थेरांमुळेच मालिका बुडाली, २०२५ मध्ये डिस्नेने अंग काढून घेतलं. दादा, २००५ ला याच डेव्हिसनी मालिका पुन्हा उभी केली. पहिल्या भागाला एक कोटीहून जास्त प्रेक्षक होते. त्याच वर्षी बायकांवर आणि पुरुषांवर सारखाच भाळणारा कॅप्टन जॅक आला, त्याने शेवटच्या भागात डॉक्टरचं चुंबन घेतलं, आणि लोकांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं की पुढच्या वर्षी त्याची वेगळी मालिका निघाली. प्रेक्षक घटायला कारणं शंभर असतील. पण जे २००५ ला लोकांना आवडलं तेच २०२५ च्या अपयशाचं कारण, हे गणित मला जमत नाही, आणि मी इंजिनिअर आहे.

माझं मागणं फार नाही. आपल्या रोज रात्रीच्या मराठी मालिकांत गणपतीच्या भागात सगळं घर जमतं ना? त्यात आत्याचा मुलगा आपल्या जोडीदाराला घेऊन यावा. त्या जोडीदाराच्या मोदकाच्या कळ्या नीट पडू नयेत. आजीने त्याला त्यावरून झापावं, फक्त त्यावरून. मग सगळ्यांनी मिळून आरती म्हणावी, त्यात त्याचा सूर चुकावा. पार्श्वसंगीतात ढँण्ण करून तीनदा कुणाचाही चेहरा दाखवू नये.

असो. दादा हे वाचणारच आहे, आणि फोनही करणार आहे. त्याला आठवण म्हणून सांगतो: आपण सगळे लंडनला गेलो तेव्हा अ‍ॅबी रोडच्या क्रॉसिंगवर तुझी लेक एकेका पट्टीवर उड्या मारत होती, कुठली वाजते बघायला. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि तू तिला ओरडत होतास. त्या भागातलं तिला एवढंच आठवत होतं. आणि हो, तो पियानो वर कसा नेला, हे ती मला अजून विचारते.