बालग्रंथपालांचे वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते?

महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळीचे वार्षिक वेळापत्रक आता ठरून गेले आहे. १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जन्मदिनी ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह, मग कुठे ग्रंथोत्सव, कुठे ग्रंथालय संघाचे अधिवेशन, आणि शेवटी मार्चअखेरचा अनुदानाचा हिशेब. पुण्यात किंवा ठाण्यात बसून पाहिले तर या क्रमात गैर काहीच दिसत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीत उभे राहून पाहिले, तर मात्र एक विसंगती डोळ्यांत भरते. ज्या दिवसांत ग्रंथालये मुलांना बोलावतात, नेमक्या त्याच दिवसांत त्या परिसरातील कितीतरी मुले गावात नसतात.

विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील, धुळे-सुरत महामार्गावरचे गाव. भोवतालच्या पाड्यांवर मावची, गावित, कोकणी अशा जनजाती समाजांची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते, आणि साक्षरतेत हा जिल्हा राज्यात सर्वांत मागे होता. पावसाळी पीक घरात आले की येथील कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत उतरतात. कोणी होळीला परततो, कोणी कारखान्याचा हंगाम आटोपल्यावर. काही मुले आजी-आजोबांपाशी किंवा आश्रमशाळेत राहतात, बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडात जातात. म्हणजे ग्रंथालय सप्ताहाची फीत कापली जाते तेव्हा मूल फडावर असते. मार्चपूर्वी खर्च पडलाच पाहिजे म्हणून घाईने घेतलेली पुस्तके दाखल नोंदवहीत चढतात तेव्हाही ते फडावरच असते. मूल परत येते तोवर शाळेला उन्हाळ्याची सुटी लागते, आणि कपाटाची किल्ली गुरुजींबरोबर त्यांच्या गावी गेलेली असते.

हा दोष कोणा एका माणसाचा नाही. मुलांच्या ग्रंथालयाचा विचार करणे हे ज्याचे वर्षभराचे काम आहे, असा कोणी आपण निर्माणच केलेला नाही.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्य, विभाग आणि जिल्हा या तिन्ही पातळ्यांवरील ग्रंथालय संघांना मान्यतेचे स्थान दिले. या संघांनी वर्षानुवर्षे अनुदानवाढीसाठी झगडा दिला, आणि २०२२ मध्ये, तब्बल दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, ६० टक्के वाढ पदरात पडली. ही मागणी रास्तच होती. ग्रंथपालाला पोटापुरते मानधन द्यायचे नाही आणि त्याच्याकडून व्रतस्थ सेवेची अपेक्षा करायची, हे ढोंग आहे. तथापि, केवळ वेतन आणि अनुदान यांपाशी थांबणारी संघटना ही कर्मचाऱ्यांची संघटना होते, व्यवसायाची होत नाही. अधिवेशनात बालविभागाचा ठराव क्वचित येतो, आलाच तर शेवटच्या सत्रात, मंडप रिकामा होत असताना.

शाळांची स्थितीही याहून वेगळी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. पुस्तकांसाठी पैसा आहे, कायदाही आहे. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नाही. मग पुस्तके निवडतो कोण? बहुधा जो विक्रेता जास्त सूट देतो, तो.

अमेरिकेतील बालग्रंथपालांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्या हाती घेतला. तेथील ग्रंथालय संघात मुलांच्या ग्रंथपालांचा स्वतंत्र विभाग आहे. १९२२ पासून न्यूबेरी आणि १९३८ पासून कॅल्डेकॉट ही पदके हे ग्रंथपाल देत आले आहेत. पहिले लेखनासाठी, दुसरे चित्रांसाठी. त्यासाठी समितीचे सभासद वर्षभर नवी पुस्तके वाचतात, त्यांवर वाद घालतात, आणि पदकाबरोबरच उल्लेखनीय पुस्तकांची यादीही प्रसिद्ध करतात. आपल्याकडे बालसाहित्याला पुरस्कार नाहीत असे नाही. साहित्य अकादमीही २०१० पासून तो देते. पण त्यांची निवड करणारे साहित्यिक आणि समीक्षक असतात. पुस्तक हातात पडल्यावर मूल तिसऱ्या पानावर कंटाळले की शेवटपर्यंत गेले, हे ज्याने स्वतः पाहिले आहे त्याचे मत कोणी विचारत नाही.

अर्थात अनुकरणासाठी अमेरिका गाठण्याचे कारण नाही. विसरवाडीहून महामार्गाने पश्चिमेला निघाले की नवापूर लागते, आणि राज्याची सीमा ओलांडली की सोनगड. गायकवाडांच्या सत्तेचा पाया जेथे घातला गेला तो हा किल्ला. पुढे हा सारा मुलूख बडोदे संस्थानात होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले विसरले जाते, हे त्यांनी ओळखले आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणून ग्रंथालयांची रचना लावून घेतली. मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या पुस्तकांनी भरून गावोगाव जाऊ लागल्या, आणि त्यांचे वाहतूकभाडेही संस्थानच भरत असे. बडोद्याच्या ग्रंथपालांनी आपले मंडळ स्थापून १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसलेनी’ हे त्रैमासिक सुरू केले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. बॉर्डन परतल्यानंतर हे काम पुढे नेणारे जनार्दन सखाराम कुडाळकर मराठीच होते. विसरवाडीच्या उंबऱ्यापाशी शंभर वर्षांपूर्वी जे प्रत्यक्षात आले, ते आज परकीय कल्पना वाटावे, ही आपल्या विस्मरणशक्तीची कमाल आहे.

नंदुरबार जिल्ह्यात ही पेटी पुन्हा बांधायची तर ती गावात ठेवून भागणार नाही, मुलांबरोबर फडावर गेली पाहिजे. वीस-पंचवीस पुस्तके, ‘किशोर’चे काही अंक, कोरे कागद आणि रंगखडू. मुलांबरोबर एखादी वाचती मोठी मुलगी असतेच, पेटी तिच्या स्वाधीन करावी. पुस्तके फाटतील, काही हरवतील. ग्रंथपालांना सर्वाधिक धास्ती याचीच असते, कारण हरवलेल्या पुस्तकाची किंमत त्यांच्याकडून वसूल होते. म्हणून बालविभागासाठी ठरावीक प्रमाणात पुस्तके जीर्ण आणि गहाळ म्हणून सहज निर्लेखित करण्याची मुभा असावी, हा ठराव संघाने अग्रक्रमाने करायला हवा. कुलूपबंद कपाटामागचे खरे कारण ग्रंथपालाचा आळस नसून ही वसुली आहे.

पेटीत काय भरायचे, हा अधिक नाजूक प्रश्न आहे. मावची बोलणाऱ्या मुलाला शाळेतील मराठी ही जवळपास नवी भाषा असते. शहरी फ्लॅटमधील वाढदिवसाची गोष्ट त्याला दुप्पट परकी वाटते. एक परकेपण भाषेचे, दुसरे जगाचे. याहामोगीची कथा सातपुड्याच्या घराघरांत सांगितली जाते. अशा कथा मावचीत देवनागरी लिपीतून आणि समोरच्या पानावर सोप्या मराठीत छापता येतील. ते काम पुण्याच्या प्रकाशकाने आपण होऊन करावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. तेवढा खप त्याला दिसत नाही. परंतु जिल्ह्यातील ग्रंथालयांनी आणि आश्रमशाळांनी मिळून मागणी नोंदवली, तर एक आवृत्ती सहज निघू शकते. मागणी एकत्र करणे हेच तर संघाचे काम.

मोबाइलने वाचन संपवले, ही तक्रार येथे नेहमीप्रमाणे केली जाईल. ज्या मुलाच्या हाती पुस्तक कधी पडलेच नाही, त्याच्या बाबतीत ती लागू पडत नाही.

राज्य ग्रंथालय संघाने बालग्रंथपालांची एक स्थायी समिती नेमावी. जिल्ह्यातील शिक्षक, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि गावोगावचे सार्वजनिक ग्रंथपाल तिच्यात असावेत. तिची पहिली बैठक शाळा उघडताना, जूनमध्ये, आणि नंदुरबार जिल्ह्यातच व्हावी. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांबरोबर वाचून पुस्तके पारखावीत, सप्टेंबरात यादी पक्की करावी. पेट्या दसऱ्यापूर्वी भरून तयार असाव्यात, कारण दिवाळीनंतर मुकादमाची गाडी पाड्यावर येते आणि ती कोणासाठी थांबत नाही.