ॲडमिन कोणाला करायचं?

मंडळी, मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की, संगनमत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टला व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन जबाबदार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या इथल्या हायकोर्टाने व्होलर खटल्यात वृत्तसंस्थांना त्यांच्या फेसबुक पानांवरच्या वाचकांच्या कॉमेंट्सचे प्रकाशक ठरवलं. मंडळाचंही पान आहेच!

तेव्हा ॲडमिन निवडताना ‘मोबाइल छान कळतो’ एवढं पाहू नका. तक्रार आली की लगेच बघणारा हवा. अध्यक्षांचीही पोस्ट काढायची हिंमत हवी. आणि काढल्यावर चारचौघांत झापण्याऐवजी आधी फोन करणारा हवा. आपली माणसं इथे मोजकी. ग्रुप सोडून गेलेले काका मग गणपतीलाही येत नाहीत.