जुन्या कॉम्प्युटरची पाटी कोरी करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो आहे : फॉरमॅट. घरातला आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर धडधाकट चालतो, पण विंडोज ११ त्याला चालत नाही. त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर त्यात नसतो. मग कोणी त्यावर लिनक्स टाकतो, कोणी तो विकून नवा घेतो, कोणी बहिणीच्या मुलांना देऊन टाकतो. ज्यांच्या यंत्राला विंडोज ११ चालते तेही म्हणतात, आता सगळे साफ करून नव्यानेच टाकू. वाट कोणतीही असो, दुकानदाराचे वाक्य ठरलेले : "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा."

आमच्या वाचक भगिनी यावर दोन प्रश्न विचारतात. एक, "अब्बांचे फोटो आहेत त्यात, ते जातील का?" आणि दुसरा, "मुलींचे फोटो आहेत, ते कोणाच्या हाती लागणार नाहीत ना?" दोन्ही प्रश्न एकाच पत्रात असतात. विचारणाऱ्याची समजूत अशी की पहिल्याचे उत्तर 'हो' असेल तर दुसऱ्याची काळजी मिटली. तसे नाही, आणि तेच आज सांगायचे आहे. फॉरमॅट झाल्यावर तुमच्यापुरते ते फोटो गेलेले असतात. ज्याला शोधायची युक्ती ठाऊक आहे, त्याच्यासाठी ते बऱ्याचदा तिथेच असतात.

शाळेचे जनरल रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. पाचशे पानांचे जाड रजिस्टर, सुरुवातीला अनुक्रमणिका : कोणत्या मुलाची नोंद कोणत्या पानावर. ती अनुक्रमणिका फाडून टाकली तर नाव शोधणे कठीण होईल, पण पाचशे पानांवरची शाई पुसली जाणार नाही. कोणी चिकाटीने पान-पान उलटले तर सगळी मुले सापडतील. हार्ड डिस्कचे असेच आहे. पार्टिशन म्हणजे त्या रजिस्टरात घातलेले विभाग. इथपर्यंत सी, इथून पुढे डी. हे विभाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला असते. जुन्या एमबीआर पद्धतीत ती पहिल्या ५१२ बाइटमध्ये मावते, म्हणूनच त्यात मुख्य पार्टिशन चारच करता येतात. नव्या जीपीटी पद्धतीत त्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवतात. पार्टिशन डिलीट केले की ही नोंद जाते. क्विक फॉरमॅट केला की नवी कोरी अनुक्रमणिका लागते. दोन्ही कामे काही सेकंदांत होतात, आणि ५०० जीबीची डिस्क काही सेकंदांत खरोखर पुसली जाणे शक्य नाही.

आता पहिला प्रश्न, जे राहायला हवे त्याचा. आपल्या घरांत एक गोड गैरसमज आहे की डेस्कटॉपवर ठेवलेले सुरक्षित असते, कारण ते डोळ्यांसमोर असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही सगळी फोल्डरे साधारणपणे सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात असतात आणि विंडोज नव्याने टाकताना सर्वांत आधी तेच विभाग साफ होतात. डी ड्राइव्हचे वेगळे. तो बहुधा त्याच डिस्कचा दुसरा विभाग असतो. त्याला हात लावला नाही तर तो राहतो, पण डिस्कच बिघडली तर सी बरोबर डी पण जातो. म्हणून "डी मध्ये बॅकअप आहे" या वाक्यावर आम्ही कधी भरवसा ठेवत नाही. बॅकअप वेगळ्या वस्तूवर हवा : बाहेरची हार्ड डिस्क, नाहीतर मोठा पेन ड्राइव्ह. आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-दोन फायली उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये.

उर्दू-मराठी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट खास सांभाळावी. इनपेजमध्ये टाइप केलेले मजमून, मदरशाच्या जलशाची पत्रके, आजोबांच्या गझला हे सगळे जुन्या इनपेजच्या स्वतःच्या साच्यात असते. ती फाईल वर्डमध्ये उघडत नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपीत लिहिलेले मराठी वर्डमध्ये उघडते खरे, पण तो फॉन्ट नसेल तर पानभर नुसता कचरा दिसतो. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात असतात आणि विंडोजबरोबर पुसले जातात. तेव्हा कागदपत्रांबरोबर फॉन्टही काढून घ्यावेत, आणि महत्त्वाच्या प्रत्येक फाईलची एक पीडीएफ करून ठेवावी. मूळ फाईल टाकून मात्र देऊ नये, पीडीएफमध्ये नीट दुरुस्ती करता येत नाही.

याशिवाय ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, व्हॉट्सअॅपवरून उतरवलेल्या फायली, ऑफिस विकत घेतले असेल तर त्याची चावी. विंडोजच्या परवान्याची फारशी काळजी नको. विंडोज १० किंवा ११ त्या यंत्रावर एकदा रीतसर चालू झाले असेल तर परवाना बहुधा यंत्राशीच बांधलेला असतो. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा, नाहीतर नवे विंडोज चालू होते आणि इंटरनेट नसते.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा (त्यातले सगळे पुसले जाते), मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने त्यावर विंडोज उतरवावे आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करावा. त्याआधी एक काम, आणि ते विसरू नये : बॅकअपची बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवावी. सेटअपच्या पडद्यावर सी, डी अशी अक्षरे दिसत नाहीत. डिस्क ०, पार्टिशन १, पार्टिशन २ अशी यादी दिसते. ओळखायचे ते आकारावरून. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की भल्याभल्यांची गफलत होते. आत दुसरी डिस्क असेल तर तिचीही केबल त्या वेळेपुरती काढणे उत्तम.

यादीत तुम्ही न केलेले छोटे विभागही दिसतील. १०० एमबीचा, १६ एमबीचा, काहीशे एमबीचा. ते विंडोजने स्वतःच्या सोयीसाठी केलेले असतात. पूर्ण डिस्क कोरी करायची असेल तर सगळे डिलीट करून एकच 'रिकामी जागा' उरू द्यावी आणि पुढे जावे. लागणारे छोटे विभाग सेटअप आपले आपण पुन्हा करतो. डी ठेवायचा असेल तर त्याच्या आकाराची ओळ सोडून बाकीचे काढावे. लॅपटॉपवाल्यांनी हे जाणून असावे की कंपनीने दिलेला रिकव्हरीचा विभाग डिलीट केला की त्या मार्गाने लॅपटॉप पहिल्यासारखा करता येत नाही. कधी सेटअप अडून बसतो आणि सांगतो की डिस्क एमबीआर पद्धतीची आहे, इथे विंडोज बसणार नाही. तेव्हा शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट हा प्रोग्राम चालवून डिस्क निवडायची आणि 'क्लीन' म्हणायचे. हा हुकूम दुसऱ्यांदा विचारत नाही, लगेच अंमल करतो. म्हणून डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा वाचून मगच एंटर.

घाईत चुकीचा विभाग डिलीट झालाच, तर तिथेच थांबावे. पुढचे बटण दाबू नये, काही कॉपी करू नये, कॉम्प्युटर बंद करावा. अनुक्रमणिका फाटली आहे, पाने शाबूत आहेत. टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्राम हरवलेले विभाग शोधून त्यांची नोंद परत लिहू शकतो, आणि त्याच्याच जोडीचा फोटोरेक पान-पान उलटून फोटो, कागदपत्रे वेचतो. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून जाणकाराच्या हातून हे करून घ्यावे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर यश येण्याची शक्यता चांगली असते. एसएसडीवर कमी, कारण तिथे विंडोज 'ही जागा मोकळी झाली' असा निरोप डिस्कला देते आणि ती स्वतःच्या सवडीने जागा साफ करत जाते.

आता दुसरा प्रश्न. जे तुमच्यासाठी टेस्टडिस्क करते, तेच जुना माल विकत घेणाऱ्यासाठीही करते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सिम्सन गार्फिंकल आणि अभि शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालत होत्या. नीट पुसलेल्या किती निघाल्या? फक्त १२. बाकीच्यांत पत्रे, वैद्यकीय माहिती आणि पाच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती. पुसण्याचा प्रयत्न अनेकांनी केला होता, पण तो अनुक्रमणिका फाडण्यापुरता.

आपल्या मोहल्ल्यात या गोष्टीला जास्त धार आहे असे आम्हांला वाटते. घरच्या कॉम्प्युटरमध्ये काय असते? निकाहाचे फोटो, घरातल्या बायकांचे मोकळ्या डोक्याने काढलेले फोटो, रिश्त्यासाठी बनवलेला मुलीचा बायोडेटा : नाव, जन्मतारीख, पत्ता, वडिलांचा धंदा, सगळे एका पानावर. पण घरापेक्षा मोठी गोष्ट कोपऱ्यावरच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाची. तिथल्या डेस्कटॉपवर शेकडो घरांची आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुके, शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेल्या मुलांच्या गुणपत्रिका पडून असतात. शाळांचीही तीच गत. दुकानदाराने जुना कॉम्प्युटर विकला तर त्याने स्वतःचे काही विकले नाही, लोकांची अमानत विकली. दुकानदार भाईंना आमची विनंती आहे की काम झाल्यावर फायली काढत जा, आणि यंत्र विकण्याआधी खाली लिहिले आहे ते करा.

घरच्यांसाठी सोपा उपाय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'रीसेट' निवडा, 'सगळे काढा' म्हणा आणि पुढच्या पडद्यावर सेटिंग बदलून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करा. तो आपणहून चालू नसतो, आणि नेमका तोच महत्त्वाचा. डिस्क पूर्ण कोरी द्यायची असेल तर डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' ऐवजी 'क्लीन ऑल'. नुसता 'क्लीन' नोंदी पुसतो, 'क्लीन ऑल' डिस्कच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शून्ये लिहितो. १ टीबीच्या हार्ड डिस्कला यात दोन-तीन तास सहज लागतात, जुनी असेल तर जास्त. रात्री लावून झोपावे.

काही जण सांगतात, पस्तीस वेळा पुसावे लागते. हा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या लेखातला, त्या काळच्या डिस्कचा. पुढे त्यांनीच स्पष्ट केले की नव्या डिस्कला हे सगळे लागू नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणेही साध्या हार्ड डिस्कला एकदा पूर्ण पुसणे बहुतेक कामांना पुरते. पस्तीस वेळांच्या धास्तीने एकदाही न पुसणारे आम्ही बरेच पाहिले आहेत.

एसएसडीची गोष्ट निराळी. ती झीज वाटून घेण्यासाठी लिखाण इकडून तिकडे हलवत राहते आणि थोडी जागा राखीव ठेवते. तिथे वरून शून्ये लिहिली तरी ती सगळीकडे पोहोचत नाहीत. तिच्यासाठी बनवणाऱ्या कंपनीचे 'सिक्युअर इरेज' साधन वापरावे. काही कॉम्प्युटरांच्या बायोसमध्येही ती सोय असते. बंद पडलेली डिस्क असेल तर पुसणे शक्यच नाही. ती कॉम्प्युटरमधून काढून घ्यावी, तबकडीची असेल तर ड्रिलने तीन-चार भोके पाडावीत, एसएसडी असेल तर आतल्या काळ्या चिपा फोडाव्यात, आणि मगच ई-कचऱ्यात द्यावी. यंत्राचा भाव डिस्कशिवाय थोडा कमी येईल, तेवढा येऊ द्यावा.

दुकानात देणार असाल तर "फॉरमॅट करा" एवढेच सांगून येऊ नका. विचारा : क्विक की पूर्ण? डी ठेवणार की काढणार? माझा डेटा तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवला, तर तो कधी काढणार? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, कारण दुकानदार ओळखीचा असतो. तरी विचारा, आणि जमल्यास काम होईपर्यंत तिथे बसा.

इनपेजमधल्या जुन्या उर्दू फायली युनिकोडमध्ये कशा आणाव्यात असे अनेकांनी विचारले आहे. ते पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.